शिमग्याआधीचा पाला

मॅडम, तुमच्या शोकसभेत पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांतून दिलं.

लहान बाटल्या होत्या, दोन घोटांत संपणाऱ्या. व्यासपीठावरच्या प्रत्येकासमोर एकेक ठेवली होती. तुमच्या फोटोसमोरही कुणीतरी एक ठेवून दिली होती. टेबल मांडणाऱ्याच्या हाताला सवय, दुसरं काय. एकेक जण उठून तुमच्या पर्यावरणप्रेमाबद्दल बोलत होता, मध्येच बूच फिरवून घोट घेत होता आणि अर्धी बाटली तशीच ठेवून खाली बसत होता. दिगंबर माझ्या शेजारी होता. आमच्या वर्गातला दिगंबर, आता मालवणात हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शुभा, मॅडम आता फोटोतसून भायर येतली बघ." मला हसू आलं आणि ते आवरेपर्यंत डोळे भरून आले.

सभा संपल्यावर आम्ही दोघांनी बाटल्या गोळा केल्या. उरलेलं पाणी बाहेरच्या जास्वंदीला घातलं. तुमच्या फोटोसमोरची बाटली उघडलेलीच नव्हती. ती दिगंबरने उघडली आणि सगळी पिऊन टाकली. "फुकट कित्याक घालवची?" म्हणाला. तुमचा विद्यार्थी आहे तो, शोभला.

भाषणांत सगळं आलं. तुमची नोकरी, तुमची शिस्त, कॉलेजला तुमच्यामुळे मिळालेली शाबासकी. माझ्या आईचं नाव कुणी घेतलं नाही. घेणार तरी कसं? कॉलेजच्या कुठल्याही कागदावर ती नाही. पण तुमची खरी लढाई कुणाशी झाली असेल तर ती तिच्याशी, आणि ती मिटायच्या आधीच तुम्ही गेलात.

तुमचा शेवटचा फोन शिमग्याच्या जरा आधीचा. निवृत्तीनंतर तुम्ही सांगलीला भावाकडे गेला होतात, आणि तब्येतीमुळे तिकडच्याच झाला होतात. आवाज बारीक झाला होता. माझ्या शाळेतली मुलं डबा कशात आणतात हे तुम्ही विचारलंत. मग म्हणालात, "भाजावळ झाली का तुमची?" मी म्हटलं, "अजून नाही, शिमगा होऊ दे." मग म्हणालात, "तुझ्या आईला माझं म्हणणं पटलं नाही, ते असू दे. मलाही तिचं पटलं नाही. पण तिने कधी ऐकलं तरी का गं?"

मी घाईने म्हटलं, "ऐकलं ना मॅडम, ऐकलं." आजारी माणसाला बोलतो तसं.

"परीक्षेतही तू असंच लिहायचीस. प्रश्न नीट न वाचता," तुम्ही म्हणालात आणि हसता हसता खोकत राहिलात. त्यानंतर तुमचा आवाज ऐकायला मिळाला नाही.

तो प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. तुमच्या जाण्याचं दुःख तर आहेच, पण हे दुःख वेगळं आहे. इतकी वर्षं तुम्ही आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसलात, घसा कोरडा होईपर्यंत बोललात, आणि जाताना तुमच्या मनात हे होतं की समोरच्या बाईने आपलं ऐकलंच नाही.

तुम्ही आमच्याकडे आलात त्या इतिहास शिकवायला. कचऱ्याशी तुमचा काही संबंध नव्हता. कॉलेज सड्यावर, उघड्या कातळावर. आवारात काजू, आंबे, ऐन आणि वनीकरणवाल्यांनी लावलेल्या अकेशियाच्या रांगा. थंडी सरली की पानं गळायला लागायची, आणि रोज संध्याकाळी शिपाई त्यांचा ढीग करून काडी लावायचा. तुमच्या वर्गाच्या खिडक्या नेमक्या त्या वाऱ्याच्या तोंडाशी. शिवकालापासून पेशवाईपर्यंत तुम्ही आम्हाला खोकत शिकवलंत. पुढे कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "ही चळवळ मी सुरू केलेली नाही. माझ्या छातीने केलीय."

मग एक दिवस तुम्ही प्राचार्यांकडून शब्द घेतलात की आवारात काडी पेटणार नाही. पानं आणि कँटीनचं उरलंसुरलं एकत्र कुजवून खत करायचं. तुमच्या गावाकडे जमीन खणली की माती लागते. आमच्याकडे चिरा लागतो. मुलांनी पहारी घेऊन, हाताला फोड आणून दोन खड्डे पाडले, आणि पावसाळ्यात त्यांची तळी झाली. पानं वर तरंगायला लागली, बेडूक आले. दिगंबरने कागदाची होडी सोडली आणि काठाला पाटी रोवली, 'नौकाविहार'. तुम्ही छत्री घेऊन ती बघायला आलात. तुम्ही विचारलंत, "होडीचा कागद कुठला?"

"जुन्या जर्नलचा, मॅडम."

"पाठकोरा नव्हता ना?"

"नाय मॅडम, दोनय बाजून लिवलेलो."

"मग चालेल," म्हणालात आणि तशाच निघून गेलात.

त्यानंतर जमिनीवरच चिरे रचून, मध्ये फटी सोडून, वर माडाच्या झापांचं छप्पर घालून खताचे हौद झाले. ते टिकले. पण त्याआधी माशांचं प्रकरण झालं. कँटीनमध्ये बुधवारी नि शुक्रवारी बांगड्याचं जेवण असायचं. तुम्ही शाकाहारी, पण नियम म्हणजे नियम, ओला कचरा सगळा हौदात. बांगड्यांची डोकी वरच्या वर राहिली, गावातली कुत्री जमली आणि वास प्राचार्यांच्या खुर्चीपर्यंत पोचला. तेव्हा तुम्ही स्वतः नाकाला पदर लावून ती डोकी शेणात नि पानांत खोल पुरलीत. त्या दिवसापासून मुलं तुम्हाला पाठीमागे 'पातेरो मॅडम' म्हणायला लागली. पातेरो म्हणजे आमच्याकडचा पालापाचोळा. तुम्हाला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं, हे मला फार उशिरा समजलं.

बाकीच्याही गोष्टी तुम्ही हळूहळू लावल्यात. स्नेहसंमेलनात थर्माकोलच्या पत्रावळी बंद, स्टीलची ताटं. ज्याने जेवायचं त्याने आपलं ताट घासायचं, काथ्या आणि घरून आणलेली चुलीतली राख घेऊन. पाहुण्यांना पुष्पगुच्छ नाही, नारळ. एकदा पाहुणे दिवसभरात तीन कार्यक्रमांना उभे राहिले आणि तीन असोले नारळ काखेत धरून गाडीकडे गेले. त्यांच्या चेहऱ्याची नक्कल दिगंबर अजून करतो.

तर एवढं सगळं नीट चाललेलं असताना तुम्हाला पानं कमी पडायला लागली. ओल्या कचऱ्यावर सुका पाला भरपूर लागतो. आणि सड्यावरचा पाला तर पहाटेच नाहीसा होत होता.

तो आमच्या वाडीतल्या बायका नेत होत्या. कॉलेज नव्हतं तेव्हापासून, सडा मोकळा होता तेव्हापासून. माडाच्या हिरांच्या केरसुण्यांनी झाडून, हाऱ्यात म्हणजे मोठ्या टोपलीत दाबून भरून, डोक्यावर घेऊन खाली उतरायच्या. थोडा गोठ्यात गुरांच्या पायाखाली, आणि बराचसा भाजावळीला. घाटावरून येणाऱ्यांना हे नवीन असतं म्हणून सांगते, जसं मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, ज्या वाफ्यात करायची तो वाफा आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पाला, वर थोडी माती, आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने काडी. माती भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख तिथेच राहते. पाऊस पडला की त्यात भात पेरायचं.

तुमच्या दृष्टीने हे जाळणंच होतं. ज्या धुराशी तुम्ही आवारात लढलात, त्याच धुरासाठी तुमचा पाला कुंपणाबाहेर जात होता. तुम्ही बोर्ड मागितलात. 'परवानगीशिवाय पालापाचोळा नेऊ नये.' अक्षर दिगंबरचं, सुंदर.

तो शनिवार तुम्हाला आठवतच असणार. आम्ही मुलंमुली हातमोजे घालून खत चाळत होतो. फाटकाजवळ तुम्ही एका बाईला थांबवलंत. डोक्यावर भरलेला हारा, कासोटा मारलेलं लुगडं.

"ताई, हे नेता येणार नाही. बोर्ड लावलाय."

"माका वाचूक येणा नाय," बाई म्हणाली.

"म्हणून सांगते. हा पाला आता कॉलेजच्या खताला लागतो."

बाईने हारा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं. "बाई, हो कचरो तुमचो कधीपासून झालो?"

दिगंबर बोर्डाकडे असा बघायला लागला, जसं काही तो दुसऱ्याच कुणीतरी रंगवलाय.

"कालपर्यंत तुमचो शिपाय हेका काडी लावी, तेवा कोणाक कायएक पडलेलां नव्हतां. आता माझ्या हाऱ्यात इलो तर तो कॉलेजचो?"

"पण तुम्हीही नेऊन जाळणारच ना?"

"जाळूक नाय. भाजूक."

मी पाच पावलांवर होते. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, माझे हातमोजे बघितले, छातीवरचा स्वयंसेविकेचा बिल्ला बघितला. मग आम्हा मुलींना, कुणी परकी बाई बोलावी तसं म्हणाली, "चेडवांनू, वायच बाजूक सरा. माका जावक व्हयां." माझी आई होती ती, मॅडम. हारेवाली बाई माझी आई आहे हे कॉलेजात कुणाला कळू नये म्हणून ती मला ओळख न देता निघाली होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आये, थांब."

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. आईने हारा फाटकातच उपडा केला आणि रिकामा हारा घेऊन उतरली. खाडीवरचा वारा आला आणि पानं सगळी आवारात परत पसरली.

सोमवारी तुम्ही मला बोलावलंत. मला वाटलं, आता माझा बिल्ला काढून घेणार. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत. प्राध्यापकांच्या खोलीत मी तोवर कधी बसले नव्हते. "भाजायचं म्हणजे काय करायचं, ते मला सांग," म्हणालात. मी अडखळत सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे तू मला एकटीला सांगून उपयोग नाही. वक्तृत्व स्पर्धेला यंदा तू जायचंस. विषय, सड्यावरचा पाला कुणाचा."

"मॅडम, तुमच्या विरुद्ध कशी बोलू?"

"माझ्यासमोर उभी राहून बोल. सवय होईल."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माइकसमोर तर देवळातल्या आरतीलाही कुणी उभं राहिलं नव्हतं. आणि तुम्ही मला रोज सुट्टीत उभी करून माझा एकेक मुद्दा सोलून काढत होतात. "भाजल्याने तण मरतं म्हणतेस. मग तरवा काढल्यावर शेतात तण येतं ते कुठून?" संध्याकाळी मी आईला विचारायची. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तिका सांग, शेतातलां तण चिखलात बुडता. वाफ्यात पाणी साठाक देवचा नसता, थंय कोण बुडवतलो?" सकाळी मी ते तुम्हाला सांगायची. तुम्ही म्हणायचात, "बरं. मग राखेचं काय? पहिल्या दोन सरींत निम्मी ओढ्याला जात असेल." मी ते घेऊन परत घरी. आई म्हणायची, "आणि बाईक सांग, ताटां घासूक राख चलता, वाफ्याक चलणा नाय?"

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि कितीतरी वेळ हसलात.

स्पर्धेत मला बक्षीस मिळालं नाही. मध्येच 'माका' म्हणून गेले आणि सभागृह हसलं. पण मी थांबले नाही. बसने परत येताना तुम्ही म्हणालात, "दुसरा मुद्दा अजून कच्चा आहे." तेवढंच. सांत्वन नाही, कौतुक नाही. पण त्या दिवसापासून मला आमच्या घरच्या कामाबद्दल बोलायची लाज उरली नाही. आज मी वर्गात उभी राहून शिकवते, ते तिथून सुरू झालं. आपल्या विरुद्ध बोलायला आपल्याच विद्यार्थिनीला तयार करणारं माणूस मी नंतर दुसरं बघितलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगायला गेले असते तर तुम्ही विषय बदलला असता, हेही खरं.

त्यानंतर तुम्ही म्हणालात, "आता मधला माणूस नको," आणि एका रविवारी आमच्या घरी आलात. आईने खळ्यात बसायला बांबूची तट्टी घातली, कोरा चहा दिला आणि स्वतः काजूबिया फोडायला बसली. तुम्ही बोलत राहिलात, ती बिया फोडत राहिली. मान वर केली ती एकदाच, "साखर व्हयी काय अजून?" विचारायला. ती कुणाचंही बोलणं असंच ऐकते, हातातलं काम न सोडता, तोंडाकडे न बघता. मला सवय होती. तुम्हाला नव्हती. तुम्ही वर्गात शिकवणाऱ्या. समोरचा वहीत डोकं घालून बसला की तुम्हाला वाटायचं, याचं लक्ष नाही.

त्या दिवशी वाटणी ठरली. शिमग्याआधी पडलेला पाला वाडीचा, नंतरचा कॉलेजचा. आई म्हणाली, "झाडां काय कॅलेंडर बघून पानां गाळतत?" पण तिने मान्य केलं. तुम्ही प्राचार्यांकडे गेलात. ते म्हणाले, "मॅडम, बोर्ड तुम्हीच मागितला होतात." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच काढायलाही मीच सांगते." बोर्ड उतरला. दिगंबरने त्याच्या मागच्या बाजूवर 'ओला कचरा' लिहून तो हौदाला टांगला, कारण दुसरी बाजू कोरी होती आणि तुम्ही नवीन फळी घेऊ दिली नसतीत.

पाल्याचं मिटलं. भाजण्याचं मिटलं नाही. "भाजूक नाय तर तण कोण काढतलो? तुमी येतल्यात?" आईने विचारलं होतं. तुम्ही "येईन" म्हणालात. आईला वाटलं, बाई बोलण्यापुरतं बोलली. त्या वर्षी तिने एक वाफा न भाजता ठेवला, त्यात कॉलेजचं खत घातलं, आणि पावसात तुम्ही खरंच आलात. डोक्यावर प्लास्टिकची खोळ. "नाइलाज आहे," म्हणालात त्या खोळीकडे बोट दाखवून, कुणी काही विचारायच्या आत. वाफ्यात वाकून तुम्ही जोरात कामाला लागलात. आई बांधावर उभी. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अगे बाये! ह्यां भात उपटल्यात तुमी! तण थंयच ऱ्हवलां!"

तुमच्या मुठीत आमचा तरवा होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, आईकडे बघितलंत आणि म्हणालात, "दोन्ही हिरवंच आहे हो." आई इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. मग खाली उतरून तिने तुमचा हात धरून दाखवलं, हे भात, हे तण, मुळाशी रंग बघा. संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघी त्या वाफ्यात होतात. मी घरात चहा करून तीनदा गरम केला.

त्या वाफ्यातला तरवा चांगला जाड आला. तुम्ही म्हणालात, "बघा." आई म्हणाली, "तरवो बरो इलो. पण तण पण बरां इलां." पुढच्या वर्षी तिने सगळे वाफे भाजले.

नंतरची वर्षं मी तिथे नव्हते. बी.एड. झालं, मिठबावकडच्या शाळेत नोकरी लागली. पण दरवर्षी भाजावळीच्या आधी तुम्ही वाडीत उतरून जायचात, हे मला कळायचं, कारण दोघींचे फोन यायचे. तुम्ही सांगायचात, "आज तुझ्या आईला गांडुळांचं समजावलं. ती कोकमं सुकत घालत होती. काही उपयोग नाही." आई सांगायची, "तुजी बाई इल्ली. बडबडान गेली. पाणी पिवक नाय." आणि मग, "सुकल्या गो ती. बरां नाय काय तिका?" हा पुढचा भाग मी तुमच्यापर्यंत कधी पोचवला नाही. तेव्हा टपालाचं काम सोडलं होतं ना मी. तुम्ही दोघीच बोलत होतात, मला वाटलं, आता माझी गरज नाही.

हौद अजून आहेत. झापं बदललेली दिसली. मुली खत चाळतात, पण पूर्वीएवढं होत नाही, आणि सभेच्या दिवशी बाटल्या आल्याच. तुम्ही असतात तर रागावला असतात. रागावायला कुणी उरलं नाही, हे मला त्या बाटल्यांपेक्षा जास्त लागलं.

तुम्ही गेल्याचं मी आईला फोनवर सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "थंय कोण होता तिच्याकडे?" मी म्हटलं, भाऊ होता, भावजय होती. "मगे बरां," म्हणाली आणि फोन ठेवला. सभेनंतर मी घरी मुक्कामाला गेले, तेव्हाही ती काही बोलली नाही. सकाळी भाजावळ करायची होती. वाफे रचून तयार होते, शेण, कवळ, पाला, वर माती. वारा सुटायच्या आधी काडी लावायची म्हणून आम्ही उजाडता उजाडता शेतात गेलो.

तिच्या हातात काड्यापेटी होती. आणि मला एकदम वाटलं की हे असं गुपचूप होता कामा नये. इतकी वर्षं ह्या काडीआधी कुणीतरी नको म्हणायला येत होतं. मी म्हटलं, "आये, ह्या वर्सा नको भाजूया. मॅडम म्हणायच्या, धुराने हवा खराब होते."

आई माझ्याकडे वळली.

"हवा? हवेचां ती माका कदी बोलली नाय."

"तसंच काहीतरी म्हणायच्या ना त्या."

"तू गप ऱ्हव. तुका कायएक म्हायत नाय," आई म्हणाली. ती चिडली होती, खरोखर चिडली होती. "ती म्हणी, पानात जो जीव आसा तो मातयेक मिळाक व्हयो. तुमी तो धुराक देतास आणि मातयेक नुसती राख. म्हणी, ती राखय सगळी ऱ्हवणा नाय, दोन सरीत अर्धी व्हाळात जाता. आणि म्हणी, माती भाजली की गांडूळ खाल जातत, ते परत वर येवक किती दीस लागतत ते तुमी कदी बघितल्यात? माका इचारल्यान तिना. मी बघूक नव्हतंय. मगे बघितलंय. खराच, लय दीस लागतत." ती बोलत होती आणि तिचा आवाज बदलत गेला. एकेक मुद्दा बोटावर घेत होती, तुम्ही घ्यायचात तसा, अंगठ्यापासून सुरू करून. "आणि शेवटाक म्हणी, तण काढूक माणूस गावणा नाय म्हणून तुमी भाजतास. तण हो मातयेचो दोष नाय, माणसां मुंबैक गेली तेचो दोष. तां मी गांडूळांक कित्याक सोसूक सांगू? अशी म्हणी ती. हवा बिवा काय नाय."

मला तुमचा हा शेवटचा मुद्दा माहीतच नव्हता.

आई थोडा वेळ रचलेल्या वाफ्याकडे बघत उभी राहिली. पूर्वेला आता चांगलं उजाडलं होतं, वारा कधीही सुटला असता.

"खराच म्हणी ती," आई म्हणाली. "पण माका पटूक नाय."

आणि तिने काडी ओढली.